सुकुमारचं रान

दव वाळायच्या आत शेंडे खुडायचे, असं शेतीशाळेच्या मॅडमनी सांगितलं होतं. उन्हं चढली की वांग्याची सगळीच झाडं माना टाकतात. मग किडीनं वाळलेला शेंडा कुठला आणि तहानेनं मलूल झालेला कुठला, ते कळत नाही. म्हणून त्या सकाळीही मी गुरांची शेणघाण उरकली आणि बादली घेऊन रानात आले. बांधाकडच्या सऱ्या संपायच्या आत बादली निम्मी भरली. कालच मी ह्या सऱ्या खुडल्या होत्या.

एक शेंडा नखानं चिरून बघितला. आत गुलाबीसर अळी, तांदळाच्या दाण्याहून जरा मोठी, आरामात पडली होती.

माझे मालक डेअरीला दूध घालून आले आणि बांधावर उभे राहिले. त्यांनी बादलीत डोकावून बघितलं.

"आजबी एवढे?"

"थंडी सरली की वाढतीया, असं मॅडम म्हनल्या हुत्या."

"मॅडमचं रान न्हाई हितं. आपलं हाय." त्यांनी बादलीतला एक शेंडा उचलून परत टाकला. मग म्हणाले, "शालन, मी फवारायचा पंप काढतो."

मी बादली खाली ठेवली. "एक पीक बघू, असं तुम्हीच म्हनलासा."

"बघितलं की. शेंड्यावर हाय तवर झाड दम धरतंय. उद्या फळात शिरली की काय करशील? फळं बी खुडून बादलीत टाकशील?"

आम्ही दोघांनीही बांधापलीकडं बघितलं. पलीकडं चौगुल्यांचं रान होतं. गेल्या पावसाळ्यात लावलेलं वांगं अजून उभं होतं. छातीएवढं गवत माजलेलं, फळं पिवळी पडून फुटलेली, एकेका फळाला चार-चार भोकं. आणि त्या गवतातून चंपाकाकी सावकाश चालत होत्या. त्या रोज सकाळी यायच्या. काही खुरपायच्या नाहीत, तोडायच्या नाहीत. सगळ्या सऱ्यांतून एकदा फिरायच्या आणि घरी जायच्या.

ते वांगं त्यांच्या मुलानं, सुकुमारनं लावलेलं होतं.

आमच्या वारणाकाठच्या त्या शिवारात सुकुमारच्या हातच्या वांग्याला तोड नव्हती. काळीभोर, काटेरी देठाची, पाण्यात बुडवून काढल्यासारखी चकचकीत. सांगलीच्या बाजारात त्याची क्रेटं आधी उचलली जायची. पण तेवढी चकाकी राखायची म्हणजे दर चार-आठ दिवसांनी औषध मारायचं. आमच्याकडं त्या विषाला औषधच म्हणतात. सगळेच मारायचे. आम्हीही मारायचो. सुकुमार जरा जास्त मारायचा, एवढाच फरक.

कार्तिकात एका दुपारी तो फवारत होता. वारं नदीकडून होतं आणि तो वाऱ्याच्या तोंडालाच चालला होता. अंगात अर्ध्या बाह्यांचा शर्ट. मी आमच्या रानात खुरपत होते. पंपाची घरघर ऐकू येत होती, पण ती एकाच जागेवरून येऊ लागली तेव्हा मी मान वर केली. झाडांच्या वर त्याचं डोकं दिसेना. मी मालकांना हाका मारत धावले. आम्ही दोघांनी त्याला उचलून बांधावर आणलं. शर्ट पाठीला भिजून चिकटला होता. तोंडाला फेस होता आणि डोळ्यांतून सारखं पाणी येत होतं. "वहिनी, लई अंधारून आलंय," एवढंच म्हणाला. दवाखान्यात नेला तो परत आलाच नाही.

दिवसकार्य झाल्यावर मी मालकांना सांगितलं, तुम्ही परत पाठीला पंप लावणार असाल, तर मी त्या रानात पाय ठेवणार नाही. मी रागानं बोलले नव्हते. मला खरंच ते बघवलं नसतं. आमच्या गल्लीतल्या बऱ्याच बायकांनी आपापल्या घरात असंच काहीतरी सांगितलं असणार. कारण कृषी सहाय्यक म्हणून नवीन आलेल्या वर्षा मॅडमनी शेतीशाळा भरवायची म्हटल्यावर, पाण्याच्या टाकीखाली बसायला जागा पुरली नाही.

मॅडम वयानं लहान होत्या, पण समजावून सांगायची हातोटी चांगली. वाळलेला शेंडा खुडून नष्ट करायचा. निंबोळ्या कुटून रात्रभर भिजवून त्याचा अर्क मारायचा. कडेनं मका, झेंडू लावायचा. ढालकिडा दिसला तर त्याला हात लावायचा नाही, तो माव्याची कीड खातो. आणि रानात कामगंध सापळे टांगायचे. त्यातल्या गोळीला मादी पतंगाचा वास असतो, त्या वासाला नर येतो आणि अडकतो. हे ऐकून बायका तोंडाला पदर लावून हसल्या. कुणीतरी म्हणालं, "बापय गडी सगळीकडं सारखाच म्हनायचा की." सुकुमार गेल्यानंतर आम्ही सगळ्या मिळून पहिल्यांदा हसलो ते त्या दिवशी.

पौषात मी नवं वांगं लावलं. सुरुवातीला झाडं दृष्ट लागावी अशी आली. फाल्गुनात ऊन तापलं आणि शेंडे वाळायला लागले. मी चार सापळे टांगले होते. ओढ्याकडच्या सापळ्यात एखाददुसरा पतंग सापडायचा आणि चौगुल्यांच्या बांधाकडचे दोन सापळे रोज सकाळी भरलेले असायचे.

मॅडम येऊन बघून गेल्या. बांधावर उभ्या राहिल्या आणि पलीकडं बघून त्यांनी विचारलं, "हे कुणाचं?"

मी सांगितलं.

त्यांनी वाकून बांधाकडेचं एक फुटकं फळ बघितलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "शालनताई, हे रान उपटून साफ झाल्याशिवाय तुमचं काही खरं नाही. नाहीतर चोर माळ्यावर ठेवून दाराला कुलूप लावल्यासारखं होईल. तुमच्या एकटीचंच नाही, ह्या पट्टीत ज्यांनी ज्यांनी वांगं लावलंय त्या सगळ्यांचं." जाताना म्हणाल्या, "तोवर बांधाला उंच जाळी लावता आली तर बघा. पतंग फार उंचावरून उडत नाही."

जाळी कुठून आणणार? मी जुनी लुगडी काढली, बांबू रोवले आणि बांधाच्या कडेनं आडोसा केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लुगड्यांच्या पलीकडून चंपाकाकींचा आवाज आला.

"शालन, माझ्या पोराच्या रानाला पडदा लावलास व्हय?"

मी पुढं होऊन लुगडं बाजूला केलं. त्या उभ्या होत्या. पांढरं पातळ, हातात काही नाही. चार महिन्यांत त्या किती वाकल्या होत्या ते जवळून बघितल्यावर कळलं.

"तसं न्हाई, काकी. पतंग येत्यात, म्हनून."

त्यांची नजर माझ्या मागं सापळ्यावर गेली. "त्यात काय असतंय?"

"मादीचा वास असतोय. त्येला नर येत्यात."

"आनि मादी?"

"ती नसती आत."

काकी सापळ्याकडं बघत राहिल्या. तळाशी पतंग फडफडत होते. "म्हंजे जे न्हाईच, त्येच्यासाठी येत्यात," असं स्वतःशीच म्हणाल्या आणि गवतातून परत फिरल्या.

त्याच दिवशी दुपारी मी त्यांच्या घरी गेले. दाराशी, पुढच्या सोप्यात काकी जप करत बसल्या होत्या. सुकुमारची बायको राजमती आत भांडी घासत होती. मी बसले, पाणी प्यायले. नंतर जमेल तितक्या हलक्या शब्दांत सांगितलं की वांगं आता जुनं झालंय, त्यात कीड साठलीया, ती सगळ्यांच्या रानात जातीया. आम्ही सगळ्या बायका मिळून एका दिवसात रान साफ करून देऊ, तुम्हाला हातसुद्धा लावावा लागणार नाही.

एक गोष्ट मात्र मी बोलले नाही. पंप हा शब्द त्या घरात मला उच्चारता आला नाही.

काकींनी माळ मांडीवर ठेवली. "शालन, तू मगदुमांची सून. आपल्यात काय शिकिवत्यात ते तुला सांगाय नगं. त्यात जीव हाईत. ऱ्हाऊ देत."

"पर काकी..."

"ऱ्हाऊ देत," त्या पुन्हा म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण बोलणं संपलं होतं. आम्ही सगळे जैन, त्यातून काकी पाणी गाळून पिणाऱ्या आणि दिवस मावळल्यावर अन्नाला न शिवणाऱ्या बाई. मला वाटलं, धर्माचं नाव पुढं करून त्या पोराची आठवण जपतायत. दोन्हीही मला समजण्यासारखं होतं, म्हणून मी उठले.

राजमती माझ्या मागोमाग गोठ्यापर्यंत आली. ती तेव्हा सव्वीस-सत्तावीसची असेल. हात राखेनं माखलेले.

"वहिनी, त्यास्नी परत इचारू नका," ती म्हणाली. "मी इचारलं हुतं. म्हनलं, आत्ती, रान मोकळं करते, घेवडा लावते, पोटाला काय तरी हुईल. दोन दिस जेवल्या न्हाईत." सासूला ती आत्ती म्हणायची, आमच्याकडं तशीच रीत आहे.

"मग तू कसं करनार?"

"दादा येनार हाय न्यायला. पाडव्याच्या आत ये म्हनलाय." तिनं हातावरची राख पुसली. "मला जायचं न्हाई. पर हितं ऱ्हाऊन करू काय? एवढंच रान हाय, आनि त्येला मला शिवाय बी मिळंना."

मी घरी आले आणि काकी ऐकत नाहीत, एवढंच मालकांना सांगितलं. त्यांनी जास्त विचारलं नाही. पुढचे काही दिवस मी सकाळी खुडायचे, संध्याकाळी परत खुडायचे, कडुलिंबाच्या डहाळीनं अर्क शिंपडायचे. एका सकाळी पहिलं फळ हातात आलं आणि त्याच्या देठाशी भोक दिसलं. मी ते पदरात लपवलं. लपवून काय होणार होतं? दुसऱ्या सरीत मालकांच्या हातात तसलीच दोन फळं होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी माळ्यावरून पंप काढून त्यांनी धुतला. मी चुलीपाशी होते. बाटलीचं झाकण उघडल्याबरोबर तो वास आत आला. मी बाहेर जाऊन त्यांच्यासमोर उभी राहिले.

"मी अंगभर कापडं घालतो," ते म्हणाले. "तोंडाला रुमाल बांधतो. वारं बघून मारतो. आनि काय करू सांग. सगळं पीक किडीला घालू?"

"मी रानात येनार न्हाई."

"नगं येऊस."

तरी मी गेलेच. घरात बसवेना. बांधाच्या ह्या टोकाला उभी राहिले. मालकांनी पाठीवर पंप चढवला, पट्टे आवळले आणि पहिल्या सरीत शिरले. घरघर सुरू झाली. चार महिन्यांत तो आवाज आमच्या पट्टीत ऐकू आला नव्हता. मी बांधावरच खाली बसले.

पलीकडं चंपाकाकी नेहमीसारख्या फिरत होत्या. आवाज ऐकून त्या थांबल्या. मग लुगड्याचा आडोसा हलला आणि त्या बांध ओलांडून आमच्या रानात आल्या. सरळ त्या सरीत, मालकांच्या समोर.

मालकांनी नळी खाली केली. "काकी, बाजूला व्हा. अंगावर उडंल."

"खाली ठेव ते, भूपाल."

"कालवलंय आता."

"कशासाठी?"

मालक कधी नव्हे ते काकींवर चिडले. "कशासाठी म्हंजे? कीड तुमच्या रानातनं येतीया, काकी. शालन रोज बादली भरून खुडतीया. तरी येतीयाच. तिनं तुमच्या पाया पडून सांगितलं, तुम्ही आयकलं न्हाईसा. मग आता मी काय करू? मलाबी हौस न्हाई हे पाठीला लावायची."

काकींनी माझ्याकडं बघितलं. "पंपाचं तू न्हाई सांगितलंस."

मी मान खाली घातली.

"माझ्या रानामुळं ह्यो पंप निघाला?"

काकी आणखी पुढं झाल्या. मालक उंच, काकींचं डोकं मालकांच्या छातीशी. त्यांनी हात वर करून पंपाचा पट्टा धरला. ओढला नाही, नुसता धरला.

"तुझी आई असती," त्या म्हणाल्या, "तर लावू दिलं असतं तिनं?"

मालकांची आई लहानपणीच गेली होती. सुकुमार आणि हे एका ताटात जेवायचे ते काकींच्याच घरी. मालकांनी तोंडावरचा रुमाल खाली ओढला. त्यांचा चेहरा मला मागून दिसत नव्हता. थोड्या वेळानं त्यांनी एक पट्टा खांद्यावरून सोडला, मग दुसरा, आणि पंप सरीत उतरवला.

काकी वळल्या आणि आपल्या रानात गेल्या. मी त्यांच्या मागं गेले. एकदम रानाच्या मध्यावर जाऊन त्यांनी एक झाड दोन्ही हातांनी धरलं आणि ओढायला लागल्या. जुनं वांग्याचं झाड, बुंधा मनगटाएवढा झालेला, मुळं खोल गेलेली. ते हललंसुद्धा नाही. काटे त्यांच्या तळव्यात घुसले. त्यांनी परत धरलं.

"काकी, सोडा. मी करते."

त्यांनी सोडलं नाही. पण जोर संपला तशा त्या त्या झाडाशीच खाली बसल्या. मी त्यांचे हात माझ्या हातात घेतले आणि काटे काढायला लागले. एक एक काटा काढत होते, तेव्हा त्या बोलल्या.

"तुला काय वाटलं, शालन? म्हातारी पोराची आठवन धरून बसलीया?"

"व्हय, काकी."

"आठवन काय, घरात बी हाय. दारात बी हाय. त्येला रान कशाला पायजे?" त्या झाडाकडं बघत होत्या. "माझ्या पोरानं लई जीव मारले गं. मी सांगायची, कमी कर बाबा. हसायचा. म्हनायचा, आई, तुझं पुण्य हाय की, दोघांस्नी पुरंल. आनि गेला तोबी जीव मारत मारतच गेला. असं मरान आलेल्याचं फुडं काय हुतं, ते मी आयकलेलं हाय. म्हनून ठरीवलं. त्येच्या रानात आता एकबी जीव मरायचा न्हाई. ह्येंनी खावं, वाढावं, उडून जावं. सगळ्यास्नी अभय. त्येच्या नावानं."

मी काटा काढायची थांबले.

"रोज येऊन तेच सांगते त्यास्नी. खावा म्हनते. त्येच्या नावानं खावा."

"काकी..."

"महाराज म्हनत्यात, ज्याचं त्येला भोगाय लागतं. आईनं केलेलं पोराला मिळत न्हाई. मला ठावं हाय." त्यांचा आवाज अगदी साधा होता, कुणी भाजीचा दर सांगावा तसा. "ठावं हाय, तरी करत हुते. दुसरं काय करनार मी त्येच्यासाठी?"

राजमती कधी आली ते कळलंच नाही. ती दोन सऱ्यांपलीकडं उभी होती आणि तिनं सगळं ऐकलं होतं. तिलाही हे पहिल्यांदाच कळत होतं.

काकींनी माझ्या हातातून हात सोडवून घेतले आणि राजमतीला म्हणाल्या, "कुदळ आन."

दुपारपर्यंत गल्लीतल्या आठ-दहा बायका आल्या. कुणी बोलावलं ते मला ठाऊक नाही. मालक आले. त्यांनी पंपातलं औषध दूर माळावर खड्डा काढून ओतलं होतं आणि ते आंघोळ करून आले होते. आम्ही झाडं उपटत होतो आणि काकी प्रत्येक झाडाच्या फुटलेल्या फळांकडं बघत होत्या. टणक काट्यांनी सगळ्यांचे हात सुजले.

ढीग झाला तेव्हा मालकांनी काडेपेटी काढली. मॅडमनी जाळा किंवा खोल पुरा, असं सांगितलं होतं.

"जाळू नगं," काकी म्हणाल्या. "एकदा बघितलंय जाळलेलं."

मग खड्डा काढला. मालकांनी आणि दोघा गड्यांनी तो कमरेइतका खोल नेला. सगळी झाडं, फळं, पडलेली पानं आम्ही त्यात लोटली. माती लोटायची वेळ आली तेव्हा सगळे थांबले. आमच्या गल्लीत सगळी जैनांची घरं. आम्ही शेतकरी, हातून किडामुंगी रोजच मरत होती. पण त्या दिवशी पहिलं खोरं कुणी उचलेना.

काकी पुढं आल्या. त्यांनी ओंजळीत माती घेतली. हात रक्ताळलेले होते. ओठ हलत होते, णमोकार मंत्र चालला होता. "ह्ये माझ्या डोक्यावर," त्या म्हणाल्या. "तुम्हां कुनाच्या न्हाई. आनि त्येच्या तर न्हाईच न्हाई." त्यांनी माती टाकली. मग परत ओंजळ भरली, परत टाकली. खड्डा बराचसा झाकेपर्यंत त्यांनी दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. दमून बसल्या तेव्हाच मालकांनी खोरं हातात घेतलं.

दिवस कलायला लागला तशी राजमती घाईनं घरून ताट घेऊन आली. सूर्य बुडाला की त्या जेवणार नाहीत, हे तिला माहीत होतं. काकींनी ताट बघितलं आणि मान हलवली. त्या दिवशीही जेवल्या नाहीत आणि त्यानंतर किती दिवस एकभुक्त राहिल्या, ते राजमतीलाच माहीत.

पाडव्याच्या आधी राजमतीचा भाऊ आला. काकी त्याला म्हणाल्या, "पोरीला इचार. जायचं असंल तर मी आडवनार न्हाई. ऱ्हायचं असंल तर रान मोकळं हाय." राजमती राहिली. तिनं त्या रानात आधी मका केला, मग घेवडा, मग भेंडी. शेतीशाळेत ती माझ्या शेजारी बसायची. आमच्या वांग्याची त्या वर्षी पुष्कळ फळं गेली, पण झाडं तगली. बांधाकडचे सापळे हळूहळू रिकामे राहायला लागले. मालकांनी पंप नंतर निंबोळी अर्कासाठीसुद्धा वापरला नाही, दुसरा आणला.

चंपाकाकी त्या रानात पुन्हा आल्या नाहीत. घराच्या सोप्यात बसायच्या. मी गेले की राजमतीच्या पिकाचं विचारायच्या, पाणी कसं आहे, दर काय मिळाला. सुकुमारचं नाव काढायच्या नाहीत. एकदाच, पर्युषणात सगळे एकमेकांची क्षमा मागत होते तेव्हा, त्यांनी माझे हात धरले आणि म्हणाल्या, "शालन, किती असतील गं त्या खड्ड्यात?" मी त्यांच्याजवळ बसून राहिले.

त्या आणखी सात-आठ वर्षं जगल्या. तेवढ्या काळात राजमतीनं रानात सगळं पिकवलं, टोमॅटो, दोडका, गवार, पण वांगं लावलं नाही. काकींनी कधी नको म्हटलं नव्हतं. तिनंही कधी कारण सांगितलं नाही.

काकी गेल्या त्याच्या पुढच्या पावसाळ्यात राजमती माझ्याकडं आली आणि वांग्याची रोपं मागितली. माझ्याकडं रोपांचा तरवा चांगला आला होता. मी पाटी भरून दिली आणि लावायला तिच्याबरोबर गेले. आभाळ भरून आलं होतं आणि जमिनीला लावणीजोगा वाफसा होता. ती एका सरीला, मी शेजारच्या सरीला. बराच वेळ आम्ही लावत गेलो. रानाच्या मध्याशी आलो तेव्हा तिचा हात थांबला.

"वहिनी," ती म्हणाली, "त्यास्नी उचललं तवा तुमीच हुता. कुठल्या जागेला पडले हुते, ते आठवतंय का? मी कवा इचारलं न्हाई. म्हनलं, तेवढी जागा सोडून लावावं."

मला आठवत होती. तिच्या पुढ्यातच होती, दोन हातांवर.

"न्हाई गं," मी म्हटलं. "लाव सगळीकडं."

तिनं माझ्याकडं बघितलं. मग पाटीतलं रोप उचललं आणि लावलं, माती दाबली आणि पुढचं उचललं.